तुमच्या वॉर्डाबद्दल

“एन, ई, सी, ई...” म्हणत सुषमाने मांडीवरच्या जीन्सचे लोंबते धागे एकेक करून कापले. “पुढे एस एक की दोन?”

“दोन,” रुचिका म्हणाली.

सुषमाने दोन धागे कापले आणि ‘नेसेसरी’चं स्पेलिंग पुरं केलं. उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे तिच्या विठ्ठलवाडीच्या खोलीत यायचे, आणि एका धाग्याला एक अक्षर या हिशेबाने तिचं इंग्रजी पुढे सरकायचं. नववीत शाळा सुटली होती. आता अडतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती घरूनच दहावी करत होती. रविवारी तेवढं अंबरनाथच्या केंद्रावर जायचं, बाकी सगळं या खोलीत. कुकर लावून गणित, धागे कापत इंग्रजी. चाळीतल्या बायका आधी हसल्या, मग त्यांच्यातल्या दोघी फॉर्म कुठे मिळतो ते विचारून गेल्या.

शिकवायला घरचीच मास्तरीण होती. तिची अकरावीतली लेक रुचिका इंग्रजी माध्यमात शिकलेली. आईला एकदा सांगितलेलं ती विसरत नाही, हे पाहून रुचिकाला अभिमान वाटायचा, आणि त्याच वेळी भीतीही. आईला एक शब्द नवा आला, की आपलं बिंग फुटायचा दिवस एका शब्दाने जवळ आला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट सहावीतली. डायरीत बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, की युवर वॉर्ड गृहपाठ करत नाही, येऊन भेटा. सुषमाला एवढ्यातला एकच शब्द लागला. वॉर्ड. तो महापालिकेच्या पाटीवर रोज दिसायचा.

“वॉर्डाचं काय गं?”

“आपल्या वॉर्डात सफाई मोहीम आहे,” रुचिका बेधडक म्हणाली होती. “सही मागितलीय फक्त.”

शाळा वॉर्डाची एवढी काळजी घेते म्हणून सुषमा खूश झाली होती. सावकाश, पूर्ण नावाची सही करून तिने चार बायकांना कौतुकाने सांगितलंही होतं. पुढे जेव्हा जेव्हा लाल शाई आली, तेव्हा तेव्हा वॉर्डात काही ना काही मोहीम निघाली. त्या डायऱ्या अजून माळ्यावर होत्या.

त्या रविवारी सुषमा केंद्रावरून आली आणि खोचलेला पदर न सोडताच तिने इंग्रजीची स्वाध्यायवही रुचिकासमोर ठेवली.

“बघ. शेवटचं पान. सही पाहिजे म्हणाल्या बाई.”

वही शाळेच्या पोरांसाठी छापलेली होती. वर इंग्रजीत ‘युवर वॉर्ड्‌स प्रोग्रेस’, खाली बाईंचं अक्षर, आणि त्याखाली पालकाच्या सहीची रिकामी ओळ.

“बाबांची घे ना,” रुचिका म्हणाली.

“ते कुठे वाचतात? वाचून करणारं कुणी पाहिजे.” सुषमाने जीन्स मांडीवर ओढली. “आणि हा वॉर्ड म्हणजे काय गं, इथे?”

रुचिकाने वही जवळ ओढली. प्रभाग म्हटलं असतं तरी चाललं असतं. शब्दकोशात तोही अर्थ होता, खोटंसुद्धा ठरलं नसतं. पण दीड महिन्यावर आईची परीक्षा होती. आणि समोर ही बाई कात्री उघडी धरून उत्तराची वाट बघत होती, लिहून घ्यायला पेन्सिल कानावर खोचून.

“पाल्य,” रुचिका म्हणाली. “म्हणजे... मी. ते सफाईचं काही नव्हतं, आई. मी गृहपाठ केला नव्हता. बाईंनी तुला भेटायला बोलावलं होतं.”

सुषमाने धागा कापला.

“तीनदा,” ती म्हणाली. “गणपतीच्या आधी एकदा, मग दिवाळीनंतर दोनदा.”

“तुला कसं कळलं?” रुचिकाने विचारलं.

“माझ्या शब्दांच्या वहीचं पहिलं पान काढ.”

गेल्या जूनची तारीख. बाळबोध वळणात, रेघ न सोडता लिहिलेला पहिलाच शब्द: वॉर्ड, पाल्य. त्याच्याखाली बाईंचं वाक्य डायरीतून जसंच्या तसं उतरवलेलं. रुचिकाने ते दोनदा वाचलं.

“मग इतके महिने बोलली का नाहीस?”

“तू शिकवत होतीस ना.” सुषमाने जीन्स झटकली. “बघत होते, कुठे चुकीचं सांगतेस का. वाटलं होतं, आई शिकू नये म्हणून एखादा शब्द तरी फिरवशील. एकदाही फिरवला नाहीस.”

मग तिने कानावरची पेन्सिल ठेवून दिली आणि पेन पुढे केलं.

“कर सही. मोठ्याने वाचून कर.”

“युवर वॉर्ड्‌स प्रोग्रेस,” रुचिकाने वाचलं. “एक्सलंट. नेव्हर ॲबसेंट.” मग पालकाच्या ओळीवर तिने पूर्ण नाव लिहिलं, आई लिहायची तसं, सावकाश.

सुषमाने सही निरखून पाहिली, वही मिटली आणि पुढची जीन्स ओढून घेतली.

“आणि शनिवारी कॉलेजातून लवकर ये,” ती म्हणाली. “तुझ्या सहावीच्या बाईंनी भेटायला बोलावलंय ना, जाऊन येऊ.”