शेजारणीची आशा

पंचावन्न साली पिंपरीला कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. कामासाठी नगरकडून आलेली काही ख्रिस्ती कुटुंबं रेल्वेलाइनीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांत राहत. गोजाबाई आणि शालन तिथं शेजारणी होत्या.

गोजाबाईची लेक रूथ आदल्या हिवाळ्यात घटसर्पानं गेली. तेव्हापासून तिच्या तोंडून प्रार्थना फुटत नव्हती. आणि शेजारी ही शालन! नवरा ज्योतीराम खडी फोडून फोडून छातीनं खंगला, काम सुटलं, डब्यात धड पीठ नसायचं. तरी बाई भांडी घासताना गीत गुणगुणायची. "आपलं खरं घर वर आहे," म्हणायची. पाळकसाहेब उपासनेत तिचं कौतुक करत.

गोजाबाईच्या अंगाची आग व्हायची. लुगड्याचा, दागिन्याचा नव्हे, तिला हेवा वाटे तो त्या आशेचा. दोघींचा देव एकच, मग सगळं हिच्याच पदरात का? एकदा तरी हिला मोडलेली बघावी, असं तिला वाटे.

ज्योतीराम गेला. मातीच्या वेळी शालन ताठ उभी होती. "पुन्हा भेटूच," एवढंच पेटीकडे बघून म्हणाली. घरी येऊन गोजाबाईनं तवा आपटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी द्यायच्या निमित्तानं गेली. शालन नवऱ्याचा सदरा तोंडात कोंबून रडत होती. हवं ते दिसलं, पण गोजाबाईला बरं वाटेना.

"तूसुद्धा रडतेस?"

"मग? सकाळी देवाकडून आशा मागून घेते, दुपारपर्यंत संपते. पुन्हा मागते." शालननं डोळे पुसले. "गोजाक्का, रागवू नका. ह्यांना शेवटी सांगितलं मी, तिथं गोजाक्कांची रूथ आहे, तिची विचारपूस करा. उचलून घेतलेलं आवडतं तिला."

गोजाबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली. आजवर तिला लेक फक्त मातीखालीच दिसायची. आता ती ज्योतीरामच्या कडेवर दिसली, आणि छातीत जाळ उठला.

"म्हणजे माझ्याआधी तो भेटला तिला!" ती ओरडली. "माझी पोर दुसऱ्याच्या कडेवर!"

मग ती खाली बसली आणि रडू लागली. शालननं तिला जवळ घेतलं.

बऱ्याच वेळानं गोजाबाई म्हणाली, "कानाला वारं लागलं की चिडते ती. ते सांगितलंस का?"

"नाही, ते राहिलं."

"राहू दे," गोजाबाई म्हणाली. "ते मी गेल्यावर माझं मी बघेन."