गोड पाणी आणि झिजलेला ब्रश

मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा. हसू नका मित्रांनो, दात घासणे मी कधीच सोडले. आता मी भिजलेले लॅपटॉप घासतो. म्हणजे अगदी परवापर्यंत घासत होतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझी दहा हजार भावंडे जन्मली, त्यामुळे माझे कौतुक असे कोणी केले नाही. मग मी आमच्या मालकांच्या घरी आलो. त्यांचे दात मोत्यासारखे होते असे मी म्हणणार नाही, पण तीन महिने इमानाने चाकरी केली. पुढे त्यांनी मला खिशात घालून दुकानात आणले. ते लॅपटॉप उघडत, आतला हिरवा बोर्ड बाहेर काढत आणि मला स्पिरिटमध्ये बुडवून त्यावरचा चिकटा घासत. "हा ब्रश म्हणजे माझा उजवा हात," असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई.

मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय सांडलं?" उत्तरही ठरलेले, "पाणी." गिऱ्हाईक पाठमोरे झाले की मालक हसत म्हणत, "सगळ्यांचं पाणीच सांडतं, आणि सगळ्यांचं पाणी गोडच असतं!" म्हणून ते कोणाच्या शब्दावर जात नसत. आधी उघडून पाहायचे, मगच वीज जोडायची, हा त्यांचा शिरस्ता. तो एकदाच मोडला.

त्या दिवशी एक बाई आल्या, सोबत नऊ-दहा वर्षांची भाची. बाईंच्या गळ्याभोवती रुमाल होता. त्यांनी वहीत लिहून दाखवले की गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. तो जाणार हे आधीच कळले होते, म्हणून भाचीला शेजारी बसवून त्यांनी चाळीस गोष्टी आपल्या आवाजात लॅपटॉपवर सांगून ठेवल्या होत्या. दुसरीकडे उतरवून घ्यायच्या राहूनच गेल्या. आता लॅपटॉप सुरूच होत नव्हता.

"काही सांडलं होतं का?" मालकांनी विचारले.

बाईंनी लिहिले, "काहीच नाही."

भाची आपल्या बुटांकडे बघत होती.

एरवी मालकांनी उलटतपासणी घेतली असती. पण जिला बोलता येत नाही तिला खोदून खोदून काय विचारायचे, असे त्यांना वाटले. चार्जर बिघडला असेल म्हणून त्यांनी दुकानातला चार्जर जोडला. चट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. घाईघाईने उघडले, तर आत सगळे चिकट, नारिंगी.

भाचीला रडू फुटले. "माझ्या हातून सरबत सांडलं होतं. चार दिवस झाले. मी वरून पुसलं. मला वाटलं, वाळेल."

मित्रांनो, त्याच दिवशी सांगितले असते तर माझे तासाभराचे काम होते. आता साखरेने बोर्ड खायला घेतला होता. गोष्टींची चिपही त्या बोर्डालाच पक्की जोडलेली. बोर्ड जगला तरच गोष्टी मिळणार होत्या.

मालकांनी जळलेला भाग बदलला. मी जीव तोडून घासले. पण खरे सांगतो, माझे केस झिजून चहूकडे फाकले होते. खणात नवा ब्रश पडून होता, तरी मालक म्हणाले, "याच्यावर हात बसलाय." एका चिपच्या कडेला खालच्या फटीत चिकटा राहिला. माझे केस तिथवर पोचलेच नाहीत. मला ते कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

तिसऱ्या दिवशी त्या दोघींच्या देखत लॅपटॉपचा पडदा उजळला. गोष्टी एकेक करून दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरू लागल्या. नऊ उतरल्या. दहावी निम्म्यावर असताना पडदा काळा झाला, तो पुन्हा उजळलाच नाही.

"चूक माझीही आहे, ताई," मालक म्हणाले. "न उघडता वीज जोडली."

बाईंनी भाचीपुढे वही धरली. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू रागावली असतीस."

बाईंनी वही परत आपल्याकडे ओढली. मग लिहिले, "रागवायला माझ्याकडे आवाज कुठे आहे?"

भाचीने मावशीच्या कुशीत तोंड लपवले. काय करावे ते न सुचून मालकांनी उतरलेल्या नऊपैकी एक गोष्ट लावली. बाईंचा जुना आवाज दुकानात घुमला, "मग हत्ती नदीपाशी आला आणि... अगं माकडे, पाय हलवू नकोस, खुर्ची वाजतेय! कितीदा सांगायचं तुला?" आणि पुन्हा हत्ती सुरू झाला.

भाचीने डोके वर काढले. "काका, परत लावा ना."

"पहिल्यापासून?"

"नाही. मावशी रागावते तेवढंच."

मालकांनी ते किती वेळा लावले कोण जाणे. दर वेळी बाई भाचीच्या केसांवरून हात फिरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी खणातला नवा ब्रश काढला. मी आता खिडकीच्या जाळीवरची धूळ झाडतो. त्याचे वाईट वाटत नाही. ती एक फट राहिली, त्याचे वाटते.

मित्रांनो, सांडले तर लॅपटॉप लगेच बंद करा, वायर काढा आणि धावत जाऊन घरात सांगा. बोलणी खावी लागतील. खा. बोलणारे माणूस घरात आहे तोवर खाऊन घ्या.