पिंगळा, धोतरा आणि अक्का

तिन्हीसांजेला शिरीषाच्या ढोलीतून पिंगळा बाहेर येऊन कलकलू लागला, की अक्का हातातलं काम थांबवून मान वर करते. त्याच मावळत्या उजेडात कुंपणाच्या भिंतीलगत धोतऱ्याची पिळलेली पांढरी कळी सैल होऊ लागते. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून दोन्ही दिसतात.

पिंगळा गोल, पिवळे डोळे रोखून साऱ्या जगाला जाब विचारतो. धोतरा निमूट फुलतो. एकाला लोक अपशकुनी म्हणतात, दुसऱ्याला विषारी. माझी ही थोरली बहीण मला नेहमी धोतऱ्याच्या जातीची वाटत आली. भाऊजी गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू तिनेच वळले, उंबऱ्यापुढची रांगोळीही तिनेच रेखली. बायका यायची वेळ झाली तशी हात धुऊन ती जिन्याकडे निघाली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. मी ‘थांब’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “अक्का, वर गारठा असेल, शाल घेऊन जा.”

तिने शाल घेतली. सुटल्यासारखं वाटलं मला, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली.

“पाक काय साधलाय हो तुम्हाला!” शेजारच्या काकू लाडू फोडत म्हणाल्या. मी नुसती हसले. तेवढ्यात वर पिंगळा ओरडला. “सणासुदीला हा अपशकुनी कुठून आला? बंदोबस्त करा त्याचा,” त्या म्हणाल्या, आणि मी चक्क मान डोलावली.

सगळ्या गेल्यावर करंडा घेऊन मी गच्चीवर गेले. अक्का कठड्याशी उभी होती. खाली धोतरा पुरता उमलला होता.

“अक्का, कुंकू लावते.”

“आता? सगळ्या गेल्यावर?” ती खालीच बघत म्हणाली. “अगं, धोतऱ्यालासुद्धा महाशिवरात्रीला घरात घेतात. तेही चारचौघांदेखत.”

करंडा माझ्या हातात तसाच राहिला. ती शालीची घडी घालून माझ्या खांद्यावर ठेवून खाली गेली, खरकट्या बशा विसळायला.

माणूस गेलं की त्याची जागा रिकामी होते म्हणतात. अक्काची जागा मी ती असतानाच रिकामी केली. उद्या ती खरोखर नसेल, तेव्हा कुणी तिच्याविषयी विचारलं, तर मला आधी ती शालच आठवेल.