डासकाका दारात

“थांब, काका. तिथंच थांब,” पोरगी पलंगावरून म्हणाली आणि माझा एक पाय खोलीत, एक बाहेर असा राहिला.

हातात ट्रे होता. त्यात सुया, कापूस आणि रंगीत टोपणांच्या नळ्या. तपासणीसाठी रक्त काढणं हे माझं काम, एकतीस वर्षांचं. मुलांच्या वॉर्डात मला डासकाका म्हणतात आणि मीही निर्लज्जासारखा गुणगुणत येतो. पण या आठ वर्षांच्या पोरीपुढे माझी मात्रा चालेना. आदल्या दिवशी दोन नर्सनी तिला धरून ठेवलं, तरी शीर सापडली नव्हती. आजही रक्त मिळालं नाही, तर तिचं औषध सुरू होणार नव्हतं. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं की, आता एक दिवसही घालवायचा नाही.

“तुला आत येता येत नाही,” ती म्हणाली. “रक्त पिणाऱ्यांना कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय येता येत नाही. नियम आहे.”

मला हसू आलं. हा नियम कुणी केला, असं विचारलं तर म्हणाली, कार्टूनमध्ये आहे. उशाशी बसलेली तिची आई ओशाळून म्हणाली की, तिनंही लहानपणी तो सिनेमात पाहिला होता. बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं थांबवलं. त्यांच्या तरुणपणी एका नाटकात काळ्या झग्यातला सुळेवाला असाच दारात ताटकळायचा म्हणे. हे सगळं मुळात फार जुन्या पुस्तकांतलं, असं आईनं सांगितलं.

तीन पिढ्या, तिघींच्या वाटा वेगळ्या आणि नियम एकच. माझ्या अंगावर काटा आला. मी काही ती पुस्तकं वाचलेली नाहीत. पण लिहिणारे कधीच मातीत गेले आणि त्यांचा राक्षस मात्र नाटकातून, सिनेमातून, कार्टूनमधून चालत चालत इथवर आला होता. ज्या पोरीला आपल्या हातापायांवरही हक्क उरला नव्हता, तिला तो या खोलीची मालकीण करून गेला होता.

मी पाय मागे घेतला.

“आत येऊ?”

“नाही.”

ट्रे खाली ठेवून मी दाराबाहेरच्या स्टुलावर बसलो. नर्स येऊन घड्याळ दाखवून गेली. थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिनं आधी खाली ठेवलेल्या ट्रेकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“ये,” ती म्हणाली. “पण डाव्या हातातून.”

पांघरुणातून हात तिनं स्वतःच बाहेर काढला. काल दडून बसलेली शीर आज बोटाला लगेच लागली. एकाच टोचण्यात नळी भरली. पोरगी रडली, पण हात हलवला नाही.

तिथून मी मोठ्यांच्या वॉर्डात गेलो; पहिल्याच खोलीत म्हातारे मास्तर होते. तीन आठवडे मी रोज सकाळी तिथं शिरायचो, दिवा लावायचो, त्यांची बाही वर सारायचो. ते डोळे मिटून हात पुढे करायचे. कधी काही बोलले नाहीत आणि मला ते सोयीचंच वाटायचं. अशा किती खोल्यांत मी घुसलो असेन, या विचारानं मला शरम वाटली. राक्षसालाही जे विचारावं लागतं, ते मी एकतीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात मी आवरला आणि दारावर टकटक केली.

“मास्तर, आत येऊ का?”

त्यांनी डोळे उघडले. दुसऱ्या कुणाला तर विचारत नाही ना, म्हणून शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग कोपरांवर जोर देऊन सावकाश उठून बसले. सदऱ्याचं वरचं बटण लावू लागले. ते लागेपर्यंत मी दारात उभा राहिलो.

“या,” ते म्हणाले.