अंगाऱ्याचा आराम

लालबागच्या त्या चाळीच्या पटांगणात गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसायची. गिरण्यांचा संप दुसऱ्या वर्षात गेला होता. हाताला काम नव्हतं, आणि चहा-तंबाखूवर दिवस ढकलणाऱ्यांची पोटं मात्र न चुकता जळत होती. धंदा तेजीत होता तो एकट्या भस्मेबाबांचा.

"पोटात जळजळ नाही रे, भूत आहे! गिरणीच्या चिमणीतलं!" बाबा गरजले. चिमणी थंड पडल्यावर बेघर झालेलं भूत थेट कामगाराच्या पोटात बिऱ्हाड करतं, असा त्यांचा शोध होता.

समोर गुणाजी विणकर सदरा वर करून बसला होता. बाबांनी त्याच्या पोटाला ओली हळद फासली, वर पांढरा अंगारा चोळला. बघता बघता हळद तांबूस झाली.

"बघा, भूत रक्त ओकतंय!"

मग अंगारा पाण्यातून पाजला. गुणाजीने लांबलचक ढेकर दिली आणि त्याचा आखडलेला चेहरा सैल पडला. बाबांचा जयजयकार झाला. त्यात मोठा आवाज गुणाजीच्या बायकोचा, मालनचा होता.

बाबांची अट एकच: अंगारा चालू असताना डॉक्टरचं तोंड बघायचं नाही.

गुणाजी पुन्हा जेवू लागला. जळजळ उठली की बाबांच्या अंगाऱ्याची पुडी. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, असं तो एकदा सहज बोलून गेला.

"अहो, हॉस्पिटलात दाखवूया," मालन म्हणाली.

"कित्याक? माका आता बरा वाटता गो."

तिलाही ते पटलं. महिन्याभरात त्याला रक्ताची उलटी झाली. हॉस्पिटलात नेलं, पण तो वाचला नाही.

डॉक्टर सुमेधाबाईंनी मालनकडची पुडी उघडून चिमूट जिभेवर ठेवली.

"हा खायचा सोडा आहे. पोटातलं आम्ल मारतो, म्हणून जळजळ थांबते. पण त्यांच्या पोटात आत जखम होती, ती सोड्याने भरत नाही. ती वाहत राहिली. शौचाला काळं होतं ते तेच रक्त."

"आणि हळद तांबडी झाली ती?"

"हळदीच्या डागाला साबण लावल्यावर होते, तशीच."

मालन जन्मभर नळावर कपडे धूत आली होती. तिला रडूसुद्धा आलं नाही.

तेरावं झाल्यावर गुरुवारी ती पटांगणात गेली. वाण्याकडचा सोडा आणि घरची हळद तिने सगळ्यांसमोर तळहातावर कालवली. तांबूस झालेला हात रांगेपुढून फिरवला.

"माझ्या हातात कुठलं भूत रे?"

बाबा कच्चे नव्हते. "मग तुझ्या नवऱ्याला आराम पडला, तो काय खोटा होता, माई?"

"खरा होता," मालन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "म्हणून तर आम्ही घरी बसलो. खोटा असता तर वेळेत डॉक्टरकडे गेलो असतो. ते जगले असते."

रांगेतल्या कुशाबाने वर केलेला सदरा खाली ओढला.

"वैनी, हॉस्पिटलात नाव नोंदवायला किती वाजता जायचं?"

तेव्हा मंडळी, गुण आला तरी तो कशाने आला, हे विचारा. विचारल्याने कुठलाच देव कोपत नाही. न विचारल्याने मालनचं कपाळ पांढरं झालं.