नाहीची वही

टण्ण! वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून वाटी पडली, गरगर फिरली आणि मांडीवर जेमतेम डोळा लागलेली माझी लेक टक्क जागी झाली. पाऊण तास थोपटलं होतं. लॅपटॉपवरचा अर्धा तक्ता माझ्याकडे बघत होता, मी छताकडे.

"वरच्या काकूंची वाटी," लेक म्हणाली. "रिकामी होती."

दुकान आमचं छताच्या सामानाचं, आणि आमच्याच डोक्यावर छत असं, की वरच्यांना शिंक आली तर आम्ही रुमाल शोधतो.

दुकान खाली, घर वर. सासऱ्यांनी उभी हयात प्लास्टरची फुलं विकली. छताच्या मधोमध लावायची, पाकळ्यापाकळ्यांची. दुसऱ्या दिवशी पाच वाजता कंपनीचा माणूस सहा महिन्यांची मागणी लिहून न्यायला येणार होता. गोदाम एवढंसं, धड एकच माल मावेल. बाबा फुलांवर अडून बसलेले आणि मी आवाज शोषणाऱ्या टाइल्सवर.

"सूनबाई, गेल्या वर्षी तुझ्या त्या टाइल्स किती खपल्या?"

"एकही नाही."

"मग?"

"बाबा, ठेवल्याच नाहीत तर खपतील कशा?"

लेक झोपली की दुकानाचे फोन मी घेते. गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, असं प्रत्येक 'नाही' मी एका वहीत टिपत आले होते. बाळ झोपत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या आया, घरून काम करणारे, डोक्यावर शेजाऱ्याच्या दोरीच्या उड्या सोसणारे एक मास्तर. कुणाला ओल्या न्हाणीघरासाठी प्लास्टिकचं छत हवं होतं. पण सगळ्यात जास्त मागणी शांततेला होती.

बाबांनी वही चाळली, परत दिली. "वही तुझी, अक्षर तुझं, नाही म्हणणारीही तूच. उद्या चारपर्यंत फोन मी घेतो. लोक काय मागतात ते या कानांनी ऐकतो. फुलं जास्त निघाली, तर मागणी-बिगणीचं नाव पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

मला खात्री होती. पण खात्रीलाही जरा टेकू असलेला बरा, म्हणून मी हळूच नणंदेला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाबा फोनचा स्पीकर चालू करून ऐटीत बसले. लेक पाटी घेऊन शेजारी. शांत छताला डावीकडे रेघ, फुलांना उजवीकडे.

पहिलाच फोन गाण्याच्या बाईंचा. आवाज नाकातून. "आमच्या रियाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो हो. आवाज शोषणारं छत मिळेल?"

"मिळेल की. खोली केवढी आहे?"

"चांगली... ऐसपैस."

"किती फूट?"

"फूट?" नणंद गडबडली. "पेटी मावते."

"बाई, सर्दी झालीय का तुम्हाला? वाफ घ्या," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मी मान खाली घालून ओढणीचा धागा काढत बसले.

थोड्या वेळाने एक पुरुषी आवाज. "मला फुलंच पाहिजेत. प्लास्टरची. भरपूर!" मागे शिलाई मशीन खडखडत होतं. मग तोच आवाज, जरा खालच्या पट्टीत, "बरोबर बोललो ना रे?"

बाबांनी घाईघाईने स्पीकर बंद केला. समोरच्या गल्लीतले शिंपी त्यांचे जिवलग मित्र.

चार वाजले. डावीकडे नऊ रेघा, उजवीकडे चार.

"डावीकडच्या तीन पूस," बाबा लेकीला म्हणाले. "माझी पोर जन्मल्यापासून तिचा आवाज ऐकतोय मी. तीनदा नाकातून बोलली म्हणून बाप फसतो होय?"

"मग उजवीकडच्याही तीन पूस गं," मी म्हटलं. "तिन्ही वेळा मागे खडखडलेलं ते मशीन माझ्याही ओळखीचं आहे."

उरल्या सहा आणि एक. ती एक रेघ एका आजींची होती. त्यांना आख्खं फूल नकोच होतं, जुन्या फुलाची एक पाकळी गळून पडली होती, तेवढीच बसवून हवी होती.

बाबा बराच वेळ गल्ल्यावरच्या नमुन्याच्या फुलावरून बोट फिरवत राहिले. मला एकदम वाटलं, मीच हरले असते तर बरं झालं असतं.

कंपनीचा माणूस आला, त्याने पेन उघडलं. "नेहमीचीच फुलं ना, काका?"

"टाइल्स लिहा. आवाज खाणाऱ्या. किती ते सूनबाईंना विचारा, वही त्यांच्याकडे आहे." मग घसा खाकरून, "आणि फुलांचं एक खोकं. पाकळ्या पडतात लोकांच्या."

मी वही उघडली. पहिला आकडा सांगितला. तेवढ्यात पाटी बाजूला सारून लेक माझ्या गुडघ्याला येऊन टेकली आणि कंपनीच्या माणसादेखत खणखणीत आवाजात म्हणाली,

"आई, खोटं बोललं की मला कोपऱ्यात उभं राहावं लागतं. मग आधी कोण उभं राहणार, तू की आजोबा?"