‘सुटले, आभार’

इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या पानावर अर्वो सालमेला यांनी विचारलेल्या प्रश्नाला आलेले पहिले उत्तर असे होते : ‘पडद्याचे छायाचित्र जोडा, त्याशिवाय काही सांगता येणार नाही.’ फोनमधल्या यांत्रिक आवाजाच्या बाईने आपल्या नित्याच्या निर्विकार स्वरात ते वाचून दाखवले, आणि अर्वोंनी हातातला कॉफीचा पेला टेबलावर इतक्या सावकाश ठेवला की त्या सावकाशीवरूनच त्यांचा संताप ओळखावा. प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिले होते, ‘मी दृष्टिहीन आहे. माझा संगणक मला सारे वाचून दाखवतो. अपडेट झाल्यापासून तो मुका झाला आहे.’ आंधळ्याने हाक मारावी आणि वाट दाखवणाऱ्याने नकाशा पुढे करावा, असा हा न्याय होता.

कॅनडातल्या थंडर बे आणि भोवतालच्या गावांतले पियानो सुरात लावण्यात त्यांचा सारा जन्म गेला होता. दृष्टी पुढे हळूहळू गेली. परंतु ज्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कानांचाच अधिकार मोठा, त्या धंद्यातल्या माणसाने त्याचा फार शोक केला नाही. त्यांनी घरात लिनक्स या खुल्या, कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या प्रणालीवर चालणारा संगणक मांडला, तो बोलता केला, आणि पत्रव्यवहार, बँक, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीची लाकडे मागवणे, सगळा कारभार आपल्या हाती ठेवला. लिनक्सच का, असे कोणी विचारले तर ते म्हणत, ‘‘ज्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, ते घर आपलं नव्हे.’’ आता तीच किल्ली जायची वेळ आली होती, कारण विनिपेगला राहणारी त्यांची मुलगी हेल्वी हिला बातमी कळली होती.

‘‘बाबा, मी शनिवारी येतेच आहे. येताना नवा संगणक घेऊन येते,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘तोही बोलतो. आणि बिघडला तर मी इथूनच बघीन.’’

‘‘इथूनच म्हणजे कसं?’’

‘‘म्हणजे तुमचा पडदा मला इथे दिसेल. पत्रं, बँक, सगळं. तुम्हाला काही करायलाच नको.’’

‘‘म्हणजे माझी पत्रं तू वाचणार.’’

‘‘वाचणार कोण म्हणालं? बघीन म्हणाले.’’

‘‘आणि शनिवारपर्यंत हा बोलायला लागला तर?’’

‘‘तर खोका गाडीतून काढणारच नाही. शब्द दिला.’’ ती पुढे म्हणाली, ‘‘पण बाबा, तो बोलणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.’’

हे त्यांना मुळीच माहीत नव्हते. एवढेच माहीत होते की लेकीच्या मायेतही एक कुलूप असते, आणि ते एकदा लागले की उघडा म्हणायलाही संकोच वाटतो.

म्हणून ते पुन्हा फोन कानाशी धरून त्या चर्चेच्या पानावर गेले. आता उत्तरांचा पूर लोटला होता. एकाने विचारले होते, ‘ही लिनक्सची जात घेतलीच कशाला? आमची घ्या.’ दुसऱ्याने एक लांबलचक आज्ञा दिली होती आणि ती जशीच्या तशी टंकून पाहा म्हटले होते. तिने काय होईल, याविषयी मात्र मौन. तिसरा म्हणत होता, आवाजाची सगळी व्यवस्था उपटून टाका आणि जुनी बसवा. चौथ्याने केवळ ‘आधी माहितीपुस्तक वाचा’ एवढेच लिहिले होते. ‘वाचू कशाने?’ अर्वो रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्यांची ही पंगत होती, आणि त्यातल्या एकालाही शेळीला काय झाले आहे, हे खाली उतरून पाहावेसे वाटले नव्हते.

त्यांनी यातले काहीएक केले नाही. पियानोची कोणती तार बेसूर आहे हे कानाने निश्चित होईपर्यंत एकाही खुंटीला हात लावायचा नाही, हा त्यांचा आयुष्याचा नेम होता. दहा खुंट्या एकदम पिळणाऱ्या माणसाला शेवटी हेही सांगता येत नाही की मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता.

पान शोधता शोधता फोनमधल्या बाईने एक जुना प्रश्न वाचला, आणि अर्वो ताठ बसले. तोच संगणक, तीच लिनक्स, तसेच अपडेट आणि तशीच अकस्मात शांतता. शब्दाला शब्द जुळत होता. विचारणाऱ्याचे टोपणनाव होते ‘हिमघुबड’. खाली कोणाचेही उत्तर नव्हते. त्याचेच दुसऱ्या दिवशीचे दोन शब्द होते : ‘सुटले, आभार.’ आणि वर व्यवस्थापकांचा शिक्का : ‘प्रश्न निकाली. चर्चा बंद.’

‘‘पुढे,’’ अर्वो फोनला म्हणाले. पुढे काही नव्हते.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पियानो लावणाऱ्यांत एक जुनी रीत आहे. काम झाले की आतल्या लाकडावर, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी, शिसपेन्सिलीने लिहून ठेवायचे : अमुक तार बदलली, तमुक खुंटी सैल आहे, सांभाळून. खाली नाव. ते लेखन कोणासाठी? ज्याला आपण पाहिलेले नाही, बहुधा पाहणारही नाही, त्या पुढच्या माणसासाठी. मेलेल्या कारागिरांच्या अशा ओळींनी अर्वोंना कितीदा हात दिला होता. डोळे शाबूत असताना त्यांनी त्या ओळी देवघरातल्या पोथीच्या आदराने वाचल्या होत्या. आणि इथे एक माणूस विहिरीत पडतो, वर येण्याची पायरी त्याला सापडते, आणि तो वर येऊन काठावर ‘वर आलो, आभार’ असे लिहून चालता होतो.

या संतापाला आणखी एक धार होती. हिमघुबड कोण, हे त्यांना ठाऊक होते. गावातले लिनक्सवाले महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या तळघरात जमत, गुलाबी लेपाचे पर्शियन पाव खात आणि एकमेकांच्या यंत्रांना नावे ठेवत. त्या मंडळाचा अध्यक्ष, टेलिफोनच्या तारा जोडण्यात केस पांढरे केलेला डर्मट क्विग, हाच तो हिमघुबड.

‘‘डर्मट, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे ये,’’ ते फोनवर म्हणाले.

‘‘बर्फ पडतोय, अर्वो.’’

‘‘नोव्हेंबरात दुसरं काय पडणार?’’

डर्मट आला. दाराशी बूट आपटून त्याने बर्फ झाडला आणि कॉफीसाठीही न थांबता तो संगणकासमोर बसला. अर्वोंच्या कानांवर कळांचा टपटपाट पडू लागला. या मंडळींचा एक कुलाचार आहे : काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणे हे पुरुषार्थाचे लक्षण, आणि माउसचा उंदीर सरकवून सेटिंगची खिडकी उघडणे हे नवशिक्यांचे. डर्मट त्या कुलाचाराचा कट्टर अनुयायी होता.

‘‘ध्वनीचं कार्ड आहे, पकडलं जातंय,’’ तो पुटपुटला. ‘‘आवाज पूर्ण वर आहे. सगळं ठीक आहे.’’

‘‘सगळं ठीक आहे, फक्त आवाज नाही.’’

‘‘टोमणे नंतर मार. हे बघ, सरळ उपाय सांगतो. सगळं पुसू आणि नव्यानं टाकू. तासाभराचं काम.’’

‘‘पियानो बेसूर झाला म्हणून मी कधी घर जाळलं नाही.’’

‘‘मग काय करू म्हणतोस?’’

‘‘तुझं हेच दुखणं झालं होतं. तू बरा झालास. काय केलं होतंस?’’

टपटपाट थांबला. ‘‘कधी?’’

अर्वोंनी फोन पुढे केला आणि त्यातल्या बाईकडून तो जुना प्रश्न वाचून घेतला. ‘सुटले, आभार’ हे शब्द खोलीत पडले, तेव्हा डर्मट खुर्चीत चुळबुळला.

‘‘अरे, त्याला किती वर्षं झाली. आठवत नाही.’’

‘‘लिहायला काय झालं होतं?’’

‘‘सुटलं ना, मग कोण बसतंय लिहीत? जेवण निवत होतं असेल.’’

‘‘तुझं जेवण निवत होतं, म्हणून मी आठवडाभर आंधळा आहे.’’ अर्वोंचा स्वर चढला नाही. उलट खाली गेला, आणि म्हणूनच तो अधिक लागला. ‘‘डोळे गेले तेव्हाही मी इतका आंधळा नव्हतो. अरे, तुम्ही सगळे छातीवर हात ठेवून सांगता ना, की आमचं सारं खुलं, आमच्यात कुलूप नाही? हे कुलूप नाही तर काय आहे? दार उघडं, आणि पायरी काढून नेलेली.’’

डर्मटने कळफलक बाजूला सारला.

‘‘खरंच आठवत नाही रे,’’ शेवटी तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात सबब नव्हती.

‘‘ठीक. मग मी विचारतो तसं सांग. बिघडलेल्या पियानोच्या मालकालाही काही आठवत नसतं. तेव्हा यंत्र कुठे ठेवलेलं होतंस?’’

‘‘तळघरात.’’

‘‘टेबल कुठलं?’’

‘‘टेबल नव्हतंच. टीव्हीखालच्या कपाटावर. हिवाळ्यात वर गारठा म्हणून खाली नेलं होतं, आणि…’’ तो थांबला. ‘‘आणि तिथला टीव्हीच, त्याचा आवाज बंद करून, पडदा म्हणून जोडला होता. जुना पडदा मेला होता.’’

‘‘पडदा बदलला होतास.’’

‘‘हो. पण त्याचा आवाजाशी काय…’’ डर्मटने वाक्य अर्धेच सोडले.

अर्वो उठले. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला हेल्वी आली होती, तेव्हा आपल्या कचेरीतला एक मोठा पडदा घेऊन आली होती. ‘मी आले की मला तरी नीट दिसू दे,’ असे म्हणून तिनेच तो जोडला होता. अर्वोंना पडद्याचे सोयरसुतक नव्हते. ती गोष्ट त्यांच्या विस्मरणात गेली होती. पुढे अपडेट आले. त्यांनी पडद्याच्या पाठीवरून बोटे फिरवली. जाड तार सापडली, तिच्या शेजारी विजेची, आणि कडेला करंगळीच्या टोकाएवढे एक गोल भोक.

‘‘हे काय आहे?’’

‘‘हेडफोन लावायचं भोक,’’ डर्मट हळूच म्हणाला. ‘‘त्या तारेतून चित्राबरोबर आवाजही जातो. पण या पडद्याला स्पीकर नाहीत.’’

अर्वोंनी खणातून आपला जुना हेडफोन काढला, चाचपडत त्याचे टोक त्या भोकात खुपसले आणि तो कानांवर चढवला.

संगणक बोलत होता. डर्मटने टंकलेले प्रत्येक अक्षर, पुसलेला प्रत्येक शब्द, शांतपणे, न थकता, न रागावता तो वाचत होता. इतके दिवस तो एकदाही मुका झालेला नव्हता. हाका मारीत होता, आणि ज्या खोलीला दार नाही अशा खोलीत कोंडलेला होता.

अर्वोंनी हेडफोन गळ्यात उतरवला. मग ते म्हणाले, ‘‘आता सेटिंगची खिडकी उघड.’’

‘‘मी ती वापरत नाही, तुला माहीत आहे.’’

‘‘आज वापर. मंडळात कोणाला सांगणार नाही.’’

डर्मटने खिडकी उघडली. आवाज कोठे जावा याची तिथे यादी होती, आणि अपडेटने आपल्या मनाने पहिले नाव निवडले होते : पडदा. डर्मटने दुसऱ्या ओळीवर टिचकी मारली. टेबलावरचे स्पीकर किंचित खरखरले आणि ओळखीचा आवाज खोलीभर उमटला.

‘‘एका टिचकीचं काम,’’ डर्मट म्हणाला, आणि पुढे जणू स्वतःशीच, ‘‘मीही हेच केलं असणार. टिचकीनं सुटलं म्हणून लिहायची लाज वाटली असणार.’’

हे ऐकून अर्वोंचा राग शमायला हवा होता. तो शमला नाही. त्याला फक्त नीट बसायला जागा मिळाली. ‘‘बस, आणि आता लिही,’’ ते म्हणाले.

जुन्या प्रश्नाखाली लिहिण्याची सोय नव्हती. तिथे शिक्का होता. म्हणून अर्वोंनी आपल्या प्रश्नाखाली स्वतःच्या बोटांनी, संगणकाचा आवाज ऐकत, सविस्तर उत्तर टंकले : पडदा बदलला होता का ते आधी आठवा, त्याच्या पाठीमागे भोक असल्यास हेडफोन लावून ऐका, मग सेटिंगमध्ये अमुक ठिकाणी जा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, कोणत्या कळांनी तिथे पोहोचावे, तेही लिहिले. डर्मटने खाली आपले नाव जोडले; टोपणनाव नव्हे, खरे.

शनिवारी दुपारी हेल्वीची गाडी अंगणात येऊन थांबली. ती दार ढकलून आत आली, तेव्हा संगणक खणखणीत आवाजात वाचत होता : ‘हा प्रश्न पूर्वीच निकाली निघालेला आहे. पुनरुक्तीमुळे ही चर्चा काढून टाकण्यात आली आहे. कृपया मूळ उत्तर पाहा : सुटले, आभार.’

‘‘बाबा, हा बोलतोय,’’ हेल्वी दारातच म्हणाली.

‘‘बोलतोय. आणि काय बोलतोय ते ऐकलंस? दोन शब्दांना उत्तर म्हणतात, आणि उत्तराला पुनरुक्ती. शिक्का मारणाऱ्यानं वाचलंही नाही. त्याला तर डोळे आहेत.’’

हेल्वीने सारी हकीकत ऐकली. पडद्याचा उल्लेख आला, तेव्हा ती खाली बसली. ‘‘म्हणजे मीच केलं हे.’’

‘‘तू पडदा आणलास. गुन्हा तुझा नाही.’’

‘‘खोका गाडीतच आहे,’’ ती थोड्या वेळाने म्हणाली. ‘‘तिथेच राहू दे.’’

अर्वोंनी मान हलवली, पण त्यांचे मन त्या बंद पानापाशीच अडकले होते. ते उठले, खणातून जाड शिसपेन्सिल आणि पेचकस काढला, संगणक बंद केला, आणि त्याच्या कुशीचे पत्र्याचे झाकण सोडवून मांडीवर घेतले. डाव्या हाताचे बोट ओळीच्या सुरुवातीला टेकवून, उजव्या हाताने, वर्षानुवर्षे न लिहिलेल्या अक्षरांत ते तोच उपाय पत्र्याच्या आतल्या बाजूवर कोरल्यासारखा लिहू लागले.

‘‘हे कोणासाठी, बाबा? हा तर तुम्हीच वापरता.’’

‘‘माझ्यानंतर कोणी उघडेलच की.’’

ती मागे उभी राहून पाहत होती. ‘‘ओळी एकमेकींवर चढल्यात,’’ ती म्हणाली.

‘‘वाचता येतात का, तेवढं सांग.’’

हेल्वी वाकली, खिडकीच्या उजेडात तिने झाकण तिरपे धरले, आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एके ठिकाणी ती अडली. त्यांनी तिच्या हातून झाकण परत घेतले आणि तो शब्द पुन्हा, अधिक दाबून, लिहिला.